काउंटीचं बजेट पास होतं मे महिन्यात, पण ठरायला लागतं आदल्या सप्टेंबरपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की फेअरफॅक्स काउंटीतल्या सेंटरव्हिलमधल्या तुमच्या घराचा टॅक्स रेट कमी केल्याची बातमी आली, तरी वर्षाचं बिल चारेकशे डॉलरने वाढलं, शाळा म्हणते पैसे नाहीत, शाळेजवळचं क्रॉसिंगचं काम होत नाही, एप्रिलच्या पब्लिक हिअरिंगला तुम्ही रजा टाकून गेलात, तीन मिनिटं बोललात, सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढे काहीच बदललं नाही. मग हे काउंटीवाले बजेट ठरवतात कसं, त्यांच्या त्या ‘लेजिस्लेटिव्ह प्रायॉरिटीज’ म्हणजे काय, आणि आपल्यासारख्यांनी बोलायचं असेल तर कधी आणि कोणाशी?

मी नॉर्दर्न व्हर्जिनियातल्याच एका काउंटीच्या बजेट ऑफिसमध्ये बरीच वर्षं काम करतेय, बजेटही बघते आणि रिचमंडला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना बिलांचा काउंटीच्या तिजोरीवर काय परिणाम होईल ते काढून देण्याचं कामही करते. माझ्या ऑफिसबद्दल इथे लिहीत नाही, उदाहरणं फेअरफॅक्स आणि लाउडनची देते, एक तुमची स्वतःची काउंटी, दुसरी शेजारची, आणि त्यांचे आकडे सगळे पब्लिक आहेत. उत्तर लांबणार आहे, पण हा विषय तुकड्यातुकड्यात सांगितला की लोकांचा गैरसमजच जास्त होतो असा माझा अनुभव आहे.

आधी बिलाचं गणित उरकून टाकू. टॅक्स म्हणजे असेसमेंट (काउंटीने ठरवलेली तुमच्या घराची किंमत) गुणिले रेट, आणि रेट असतो दर १०० डॉलरला. फेअरफॅक्सचा रेट २०२४ साली १.१२५ डॉलर होता, २०२५ च्या मे महिन्यात काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाने तो १.१२२५ केला, म्हणजे पाव सेंट कमी. आता समजा तुमचं घर आदल्या वर्षी ७ लाख १० हजाराला असेस झालेलं आणि यंदा ७ लाख ५० हजाराला. आधीचं बिल ७,९८७ डॉलर, नवं ८,४१८ डॉलर. रेट खरंच उतरला आणि बिल खरंच ४३१ डॉलरने वाढलं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. कोणी खोटं बोललेलं नाही, पण बातमीत फक्त रेट येतो. व्हर्जिनियाच्या कायद्यात यासाठी एक तरतूद आहे, असेसमेंट वाढल्यामुळे काउंटीची रिअल इस्टेटची एकूण वसुली १ टक्का किंवा जास्त वाढणार असेल तर रेट उतरवा, नाहीतर ‘इफेक्टिव्ह टॅक्स इन्क्रीज’ अशी स्पष्ट नोटीस देऊन वेगळं हिअरिंग घ्या. ती नोटीस दरवर्षी वसंतात छापली जाते, तीत लिहिलेलं असतं की वसुली तेवढीच ठेवायची तर रेट किती लागला असता. वाचत कोणी नाही, पण तुमच्या बिलाबद्दल सगळ्यात सरळ भाषेत तिथेच लिहिलेलं असतं.

आता प्रश्न की मग घरांवरच एवढा भार का? हॉटेलांवर टाका, कंपन्यांवर टाका, श्रीमंतांच्या उत्पन्नावर टाका. हे मला प्रत्येक गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारतंच. आणि इथूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं, कारण कोणता टॅक्स लावायचा हे काउंटी आपल्या मनाने ठरवू शकत नाही. व्हर्जिनिया हे ‘डिलन रूल’वालं राज्य आहे. आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी १८६८ साली मांडलेलं तत्त्व असं की स्थानिक सरकारला राज्याने स्पष्टपणे दिलेले अधिकार तेवढेच, त्यातून ओघाने येणारे किंवा अगदी अत्यावश्यक असतील ते धरून, शंका आली तर अधिकार नाही असंच समजायचं. काउंटीला आपल्या मनाने इन्कम टॅक्स लावता येत नाही. दुकानातल्या सेल्स टॅक्समधला १ टक्का काउंटीचा, तो वाढवता येत नाही. मोठी मिळकत देणारं राहता राहिलं घर, जमीन, गाडी आणि धंद्याचं सामान. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेचा कारभार ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना हे लगेच कळेल, सभागृह इथलं, निवडून आलेली माणसं इथली, पण किल्ल्या राजधानीत.

आणि हे फक्त टॅक्सपुरतं नाही. दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर ५ सेंट लावायला आधी रिचमंडला २०२० साली कायदा व्हावा लागला, मग फेअरफॅक्सने १ जानेवारी २०२२ पासून ते लावले. शाळेसमोर स्पीड कॅमेरा हवा म्हणून पालक कितीतरी वर्षं सुपरवायझरकडे, म्हणजे बोर्डावरच्या आपल्या भागाच्या सदस्याकडे, जात होते, त्याचीही परवानगी २०२० मध्येच आली, त्याआधी सुपरवायझरची कितीही इच्छा असली तरी हात बांधलेले. रस्त्यातल्या खड्ड्यांचंही तसंच, १९३२ च्या बर्ड कायद्यापासून व्हर्जिनियातल्या बहुतेक काउंट्यांचे रस्ते राज्याच्या ताब्यात आहेत, अर्लिंग्टन आणि हेनरायको या दोनच काउंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. म्हणजे फेअरफॅक्सच्या बोर्ड मीटिंगला जाऊन खड्ड्याबद्दल रागावून बोललात तर समोरची माणसं फार तर राज्याच्या खात्याला पत्र लिहू शकतात. मी मुद्दाम हे सांगते कारण लोकांची अर्धी शक्ती चुकीच्या दारावर खर्च होते आणि मग ते निराश होऊन सोडून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तर लेजिस्लेटिव्ह प्रायॉरिटीज म्हणजे काउंटीने राज्याकडे करायच्या मागण्यांची आणि राज्याला ‘हे करू नका’ म्हणून सांगायच्या गोष्टींची, बोर्डाने ठराव करून मंजूर केलेली यादी. ऑफिसात आम्ही नुसतं ‘लेज प्रोग्राम’ म्हणतो. उन्हाळा संपता संपता सगळ्या खात्यांना मेल जातो की यंदा राज्याकडून काय हवंय. पोलीस, अग्निशमन, सोशल सर्व्हिसेस, टॅक्सवाले, पार्कवाले सगळे आपापले प्रस्ताव पाठवतात. मग काउंटी अॅटर्नीकडे, म्हणजे काउंटीच्या वकिलाकडे, जातं की कायद्याचं नेमकं कोणतं कलम बदलावं लागेल, आमच्याकडे येतं की पैशाचा हिशोब काय. मग बोर्डाच्या लेजिस्लेटिव्ह कमिटीत चर्चा, डिसेंबरच्या आसपास पूर्ण बोर्डाची मंजुरी. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी उघडतं, सम वर्षात ६० दिवस, विषम वर्षात बहुधा ४६, म्हणजे डिसेंबरनंतर सुचलेली गोष्ट त्या वर्षी जवळजवळ गेलीच.

त्या कागदात तीन प्रकारची कलमं असतात आणि त्यांचं वजन सारखं नसतं. पहिला प्रकार म्हणजे काउंटीच्या स्वतःच्या मागण्या, ज्यासाठी राज्याच्या विधिमंडळातला एखादा डेलिगेट किंवा सिनेटर बिल मांडायला तयार करावा लागतो. या मोजक्याच ठेवायच्या असतात. यादी लांबवली की रिचमंडमधल्या माणसाला कळत नाही की तुम्हाला खरंच काय हवंय, आणि त्याला कळलं नाही की काहीच मिळत नाही. नवीन निवडून आलेले सुपरवायझर हमखास इथे अडखळतात, प्रत्येकाला आपल्या डिस्ट्रिक्टचं काहीतरी घालायचं असतं, कारण यादीत नाव आलं की मतदारांना सांगता येतं. दुसरा प्रकार म्हणजे भूमिका, अमुक विषयावर बिल आलं तर आमचा पाठिंबा किंवा विरोध. आणि तिसरा म्हणजे बचाव, आहेत ते अधिकार आणि आहे तो पैसा काढून घेऊ नका, आणि पैसे न देता नवी कामं आमच्यावर टाकू नका. बाहेरच्या माणसाला हा तिसरा प्रकार रडगाणं वाटतो, पण माझ्या मते काउंटीचा सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाचतो.

जानेवारीतलं माझं काम सांगते म्हणजे कल्पना येईल. संध्याकाळी रिचमंडहून मेल येतो, एका बिलाचा नंबर, खाली एक ओळ, उद्या सकाळी सबकमिटीत आहे, लोकल इम्पॅक्ट पाठवा. बिल दिसायला साधं, समजा की एखाद्या ठरावीक वर्गाला गाडीच्या टॅक्समध्ये सूट. मग मी टॅक्स ऑफिसमधल्या माणसाला फोन करते, अशा गाड्या आपल्याकडे किती, सरासरी असेसमेंट किती, सिस्टिममध्ये हा वर्ग वेगळा काढता येतो का, नसेल तर सॉफ्टवेअर बदलायला किती लागतील. रात्री एक पान तयार करायचं, वर बिल नंबर, मग वर्षाला किती महसूल जाईल, एकदाच होणारा खर्च किती, आणि शेवटी एक ओळ जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, हा पैसा भरून काढायला घरांचा रेट किती वाढवावा लागेल. डेलिगेटला काही लाख डॉलर गेले यापेक्षा ‘तुमच्या मतदाराच्या घराला अमुक डॉलर’ हे चटकन कळतं. सबकमिटीत एकेका बिलाला मिनिटं मिळतात, कधी दोन, कधी तीन. ते पान वेळेत पोचलं नाही तर आमच्या काउंटीचं काहीच म्हणणं नव्हतं असा त्याचा अर्थ होतो.

मागणीपासून पैशापर्यंतचा प्रवास किती लांब असतो त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे तुम्ही आता रेस्टॉरंटच्या बिलात बघताय तो ४ टक्के मील्स टॅक्स. शेजारच्या अलेक्झांड्रियात, फॉल्स चर्चमध्ये तो केव्हापासूनच आहे, कारण व्हर्जिनियात सिटी आणि काउंटी ही वेगवेगळी सरकारं आहेत आणि सिट्यांना जे अधिकार होते ते काउंट्यांना नव्हते. काउंटीला हा टॅक्स लावायचा तर आधी रेफरेंडम, म्हणजे मतदारांचा कौल घ्यायचा. फेअरफॅक्सच्या मतदारांनी तो १९९२ मध्ये नाकारला, पुन्हा २०१६ मध्ये नाकारला. पण दरम्यान वर्षानुवर्षं काउंट्यांच्या यादीत एक वाक्य राहिलंच, सिट्यांना आहेत तेच टॅक्सचे अधिकार आम्हालाही द्या. सगळ्या काउंट्यांची जी राज्य संघटना आहे तिनेही ते लावून धरलं, आणि २०२० मध्ये कायदा बदलला, काउंट्यांना रेफरेंडमशिवाय ६ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. तरीही फेअरफॅक्सने लगेच लावला नाही, करोनाचा काळ होता, रेस्टॉरंटं बंद पडत होती. शेवटी २०२५ मध्ये ऑफिसच्या इमारती रिकाम्या, त्यांची असेसमेंट घसरलेली, फेडरल नोकऱ्यांवर टांगती तलवार, बजेटमध्ये मोठी तूट, अशा वेळी मे महिन्यात तो मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. काउंटी एक्झिक्युटिव्हने, म्हणजे बोर्डाने नेमलेल्या मुख्य अधिकाऱ्याने, रिअल इस्टेटचा रेट १.१४ करायचा प्रस्ताव आणला होता, तो शेवटी १.१२२५ वर थांबला, त्यात या टॅक्सचा मोठा हात आहे. ६० डॉलरच्या जेवणावर २ डॉलर ४० सेंट, आणि ते बाहेरून आलेलाही भरतो.

हा टॅक्स बरोबर की चूक यावर वाद आहे आणि असावा. दोनदा मतदारांनी नाही म्हटल्यावर लावला हा आक्षेप मला हलका वाटत नाही, रेस्टॉरंट चालवणाऱ्या आपल्या लोकांचं म्हणणंही मी ऐकलंय. पण माझं स्वतःचं मत असं की सगळा भार घरावर टाकण्यापेक्षा हे बरं, कारण घराचा टॅक्स निवृत्त माणसालाही तेवढाच भरावा लागतो, त्याचं उत्पन्न वाढो न वाढो.

आता शाळा. व्हर्जिनियात स्कूल बोर्ड निवडून येतं पण त्याला टॅक्स लावायचा अधिकार नाही. ते मागतं, काउंटीचं बोर्ड देतं, आणि फेअरफॅक्सच्या जनरल फंडातला, म्हणजे मुख्य तिजोरीतला, निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. म्हणून दर वसंतात दोन निवडून आलेली मंडळं एकमेकांसमोर उभी राहिलेली दिसतात, आणि पालकांना वाटतं सुपरवायझरना शाळा नको आहेत. खरं दुखणं वर आहे. राज्य एक सूत्र लावतं, शाळेचा किमान खर्च किती हे राज्य स्वतः ठरवतं आणि काउंटी किती श्रीमंत यावरून त्यातला काउंटीचा वाटा काढतं. फेअरफॅक्सच्या वाट्याला त्यातला साधारण दोन तृतीयांश येतो. आणि मुळात तो ‘किमान खर्च’च प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी धरलेला. विधिमंडळाच्याच ऑडिट आयोगाने, ज्याला इथे सगळे जेलार्क म्हणतात, २०२३ मध्ये सांगितलं की व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी आहे. म्हणजे तुम्ही एप्रिलमध्ये काउंटीच्या बोर्डापुढे शाळेसाठी जे बोललात त्याचा मोठा भाग रिचमंडला जानेवारीत बोलायला हवा होता. म्हणूनच ‘शाळांचं सूत्र दुरुस्त करा’ ही मागणी अशा याद्यांमध्ये दरवर्षी वरच्या जागी असते.

शाळेच्या इमारतींचं वेगळं, त्यासाठी काउंटी बाँड काढते, म्हणजे कर्ज उभारते, आणि त्याला नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर मतदारांची मंजुरी लागते. त्या पैशातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत. ‘नवीन इमारतीला पैसे आहेत आणि शिक्षकाला नाहीत’ ही तक्रार म्हणूनच चुकीच्या समजुतीवर उभी असते. इमारतींसाठी सेल्स टॅक्समध्ये १ टक्का वाढवायची मुभा हवी, तीही रेफरेंडम घेऊन, अशी मागणी अनेक काउंट्यांनी केली. हॅलिफॅक्स काउंटीला २०१९ मध्ये ती एकटीला मिळाली, मग आणखी काही ग्रामीण काउंट्यांना. सगळ्यांसाठीचं बिल २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांत पास झालं आणि तेव्हाचे गव्हर्नर यंगकिन यांनी व्हेटो केलं. अशी मागणी मेली असं कोणी समजत नाही, ती पुढच्या यादीत तशीच जाते, गव्हर्नर बदलतात, कमिट्यांचे अध्यक्ष बदलतात. ज्यांना पाच-दहा वर्षं एकच गोष्ट शांतपणे मागत राहणं जमत नाही त्यांच्यासाठी हे काम नाही.

बचाव का महत्त्वाचा ते गाडीच्या टॅक्सवरून सांगते. १९९७ च्या निवडणुकीत जिम गिलमोर ‘नो कार टॅक्स’ म्हणत गव्हर्नर झाले, १९९८ मध्ये कायदा आला की काउंटीचा गाडीचा टॅक्स टप्प्याटप्प्याने राज्य भरेल. खर्च अंदाजापेक्षा फार वाढला, मग राज्याने वर्षाला ९५ कोटी डॉलरची मर्यादा घातली आणि ती आजही तेवढीच आहे. गाड्या महाग झाल्या, संख्या वाढली, रक्कम गोठलेली, म्हणून तुमच्या बिलातला ‘राज्याने भरलेला’ भाग टक्केवारीने कमी होत गेला, आणि लोक चिडतात काउंटीवर, कारण बिलावर नाव काउंटीचं. त्यामुळे राज्यात कोणीही नवीन सूट जाहीर केली की आमच्यासारखे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की भरपाई कायमची आहे का, आणि वाढत्या दराने आहे का.

तुमच्या पलीकडच्या लाउडनची गोष्ट उलटी, आणि ती तुम्ही ‘आमच्या काउंटीने तसं का नाही केलं’ म्हणून विचारलीच आहे. अॅशबर्नच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर काउंटी दर १०० डॉलरला ४.१५ डॉलर टॅक्स लावते, त्यातून एवढा पैसा आला की घरांचा रेट २०२५ मध्ये ०.८०५ वर उतरला, जो २०१३ मध्ये १.२०५ होता. ऐकायला फार छान वाटतं. पण सर्व्हर म्हणजे जमीन नाही, टॅक्ससाठी त्याची किंमत दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरते, आणि कंपनी मशीनं कधी बदलणार ते ती काउंटीला आधी सांगत नाही. २०२१ मध्ये लाउडनचा अंदाज चुकला आणि सुमारे ६ कोटी डॉलर कमी पडले. एकाच उद्योगावर इतकं अवलंबून राहिलेल्या काउंटीच्या बजेटवाल्यांना झोप लागणं कठीण असतं, आणि तिथल्या बोर्डाची रिचमंडमधली सगळ्यात मोठी चिंता अशी की सर्व्हरवर टॅक्स लावायच्या या अधिकाराला राज्याने हात लावू नये. बजेट आणि लेज प्रोग्राम वेगळे नाहीत असं मी म्हणते ते यामुळे. ज्या काउंटीच्या बजेटचा जो कमजोर खांब, तोच तिच्या यादीत वर दिसतो.

रिझर्व्हमधून काढा की, असंही तुम्ही सुचवलंय. फेअरफॅक्सचं धोरण जनरल फंडाच्या १० टक्के राखीव ठेवायचं आहे, आणि ते वर्षाच्या पगारासाठी वापरायचं नसतं, कारण पगार पुढच्या वर्षीही द्यायचे असतात आणि राखीव पैसा एकदाच खर्च होतो. ट्रिपल ए रेटिंग, म्हणजे कर्जासाठीची सगळ्यात वरची पत, त्यावर टिकतं, बाँड स्वस्तात मिळतात. इथे मी ठाम आहे, ज्या काउंट्यांनी रोजच्या खर्चासाठी राखीव पैशाला हात लावला त्यांना पुढे दुप्पट कापाकापी करावी लागलेली मी पाहिली आहे.

आता तुमचं एप्रिलचं हिअरिंग का वाया गेल्यासारखं वाटलं ते. फिस्कल इयर १ जुलैला सुरू होतं. खात्यांना आकडे आदल्या शरद ऋतूतच मागितले जातात. फेब्रुवारीत काउंटी एक्झिक्युटिव्ह प्रस्तावित बजेट मांडतो. मार्चमध्ये बोर्ड जास्तीत जास्त रेट ‘ॲडव्हर्टाइज’ करतं, आणि हा दिवस फार महत्त्वाचा, कारण त्यानंतर रेट त्याखाली आणता येतो, त्याच्यावर नेता येत नाही. शाळेसाठी जास्त पैसा हवा असं तुम्ही एप्रिलमध्ये म्हणता तेव्हा छत आधीच ठरलेलं असतं. एप्रिलमध्ये हिअरिंग, शेवटी मार्क-अप, म्हणजे बोर्डाने बजेटमध्ये शेवटचे बदल करायची बैठक, मे मध्ये मंजुरी. या सगळ्यात राज्याचं बजेटही लटकलेलं असू शकतं, २०२४ मध्ये ते १३ मे ला पास झालं, तोवर शाळांना राज्याकडून किती येणार हे आम्ही अंदाजानेच धरत होतो.

मार्क-अपच्या वेळी टेबलावर एक तक्ता असतो. डावीकडे एक्झिक्युटिव्हने सुचवलेल्या कपाती, पुढे प्रत्येकीची रक्कम, किती पोस्ट जातात, आणि सुपरवायझरना परत घ्याव्याशा वाटणाऱ्या बाबी वेगळ्या खुणेने. एखादी बाब परत घ्यायची तर तेवढेच पैसे दुसरीकडून दाखवायचे, कारण बजेट जुळलंच पाहिजे. फेअरफॅक्समध्ये रेटचा १ सेंट म्हणजे ३ कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे काही लाखांची बाब रेटने नाही, दुसऱ्या एखाद्या ओळीतूनच भागवावी लागते. आणि इथे पत्रांचा उपयोग होतो, पण विशिष्ट पत्रांचा. ‘मुलांचं भविष्य वाचवा’ अशी एकसारखी शेकडो मेल येतात, ती मोजली जातात आणि बाजूला ठेवली जातात. मला आठवणारं एक पत्र शाळेबाहेर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या गार्डच्या कपातीबद्दल होतं. त्या बाईने चौकाचं नाव, सकाळी किती वाजता किती मुलं ओलांडतात, कोणत्या बाजूने वळणाऱ्या गाड्या दिसत नाहीत, आणि बजेटच्या पुस्तकातलं त्या कपातीचं पान, एवढंच लिहिलं होतं. सुपरवायझरच्या स्टाफने ते पत्र आमच्याकडे आणून विचारलं की ही एक ओळ परत घ्यायला किती लागतील. ती ओळ परत आली.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुपरवायझरच्या ऑफिसला फोन करून वेळ मागा, त्या महिन्यांत वेळ खरंच मिळते. दोन गोष्टी वेगळ्या करून न्या, एक जी काउंटी स्वतः करू शकते आणि एक ज्यासाठी राज्याचा कायदा बदलायला हवा. दुसरीसाठी विचारा की हे यंदाच्या लेज प्रोग्राममध्ये आहे का, नसेल तर कमिटीत कधी येईल. त्याच काळात तुमच्या डेलिगेट आणि सिनेटरलाही भेटा, अधिवेशन सुरू झालं की ते सापडत नाहीत. अधिवेशनाच्या आधी जानेवारीच्या सुरुवातीला फेअरफॅक्समधून निवडून गेलेले सगळे आमदार गव्हर्नमेंट सेंटरला एकत्र बसून लोकांचं ऐकतात, तिथे नाव नोंदवा, शाळेच्या सूत्राबद्दल बोलायची ती खरी जागा आहे. फेब्रुवारीत असेसमेंटची नोटीस आली की नीट बघा, खोल्या, बेसमेंट, चौरस फूट चुकीचे लागलेले असू शकतात, टॅक्स ऑफिसकडे अपील एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आणि त्यानंतर बोर्ड ऑफ इक्वलायझेशनकडे जूनच्या सुरुवातीपर्यंत करता येतं. रेटबद्दल म्हणणं असेल तर ते मार्चच्या आधी पोचवा.

आपल्यातले बरेच जण अजून एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत आणि ‘आपल्याला मत नाही, आपण काय बोलणार’ म्हणून घरी बसतात. हिअरिंगला बोलायला नागरिकत्व लागत नाही, कोणी विचारतही नाही. घराचा टॅक्स तुम्ही भरता, मुलं त्याच शाळेत जातात. उलट माझा अनुभव असा की तेलुगू आणि कोरियन मंडळी आता या बैठकांना गटाने येतात, कागद वाचून येतात, आणि त्यांच्या भागातले प्रश्न सुपरवायझरना पाठ झालेत. आपलं मराठी मंडळ ढोल-ताशाच्या परवानगीसाठी काउंटीत जातं, त्याच माणसांनी नोव्हेंबरात एक संध्याकाळ यासाठी काढावी असं मला मनापासून वाटतं, मी येऊन बजेटचं पुस्तक कसं वाचायचं ते दाखवीन.

आणि एक राहिलं. जूनअखेर जो पैसा खर्च झाला नाही त्याचं वाटप शरद ऋतूत ‘कॅरीओव्हर’मध्ये होतं. त्याचंही पब्लिक हिअरिंग असतं आणि तिथे एप्रिलच्या मानाने फार कमी माणसं येतात. तुम्ही म्हणता ते शाळेजवळचं क्रॉसिंगचं काम एकदाच करायच्या खर्चाचं आहे, पगाराचं नाही, म्हणजे ते कॅरीओव्हरमध्ये बसण्यासारखं आहे. मात्र तो रस्ता राज्याचा आहे का ते आधी बघा, असेल तर राज्याच्या खात्याची परवानगी लागेल आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सुपरवायझरच्या ऑफिसला तो अर्ज आत्ताच टाकायला सांगा.